एव्हरेस्ट बेस कॅम्पचं भाड्याचं किट: मुंबईतून काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीआधी दादर, ठाणे, बोरिवली, डोंबिवलीकडच्या ट्रेकिंग सामानाच्या दुकानांत 'एव्हरेस्ट किट भाड्याने' हे शब्द हमखास ऐकू येतात. डाऊन (पक्ष्यांची मऊ पिसं भरलेलं) जॅकेट, स्लीपिंग बॅग, चालताना टेकायचे दोन पोल, डफल (सामानाची मोठी लांबट बॅग), रेन जॅकेट, हातमोजे, गेटर (बर्फ बुटात जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण), हेडलॅम्प. मागाल तर बूट आणि क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते) सुद्धा. कुठल्या एका दुकानाला तारे द्यायचा इथे हेतू नाही. माल सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच असतो आणि तक्रारीही त्याच, म्हणून परीक्षण किटचंच.

निकाल आधीच सांगून टाकू. स्लीपिंग बॅग, जाड जॅकेट, पोल आणि डफल भाड्याने खुशाल घ्या, पण तपासून. बूट आणि रेन जॅकेट अजिबात नको. क्रॅम्पॉन आणि आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) कोणी गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

हे शेवटचं अशासाठी, की या धंद्यात 'एव्हरेस्ट' हा शब्दच अर्धा माल विकतो. शिखर ८८४८.८६ मीटरवर आहे, नेपाळच्या बाजूचा बेस कॅम्प ५३६४ मीटरवर. मधले जवळजवळ साडेतीन हजार मीटर हे वेगळंच जग आहे: अंगभर डाऊन सूट, अनेक थरांचे बूट, ऑक्सिजन, दोर, आणि वसंत ऋतूतल्या चढाईसाठी परदेशी माणसाला सप्टेंबर २०२५ पासून १५,००० डॉलरचा परवाना. बेस कॅम्पची वाट मात्र पायवाट आहे. रोज संध्याकाळी लॉज, खाटेवर गादी, वर ब्लँकेट. दिवसा ऊन असेल तर चालताना एक पातळ टी-शर्ट पुरतो आणि डफलमधलं जाडजूड सामान पोर्टरच्या पाठीवर असतं. किटची खरी परीक्षा संध्याकाळी चारनंतर आणि रात्री होते. गोरक शेप हा शेवटचा मुक्काम ५१६४ मीटरवर, तिथे ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात बाहेरचं तापमान रात्री उणे १० ते १५ पर्यंत सहज उतरतं. खोलीत शेगडी नसते. तेव्हा किट निवडायचं ते झोपेसाठी. शिखराच्या फोटोतल्या माणसासारखं दिसण्यासाठी घेतलेलं सामान फक्त वजन वाढवतं.

स्लीपिंग बॅग: उणे वीस म्हणजे काय

काउंटरवरचा माणूस सांगतो, 'ही उणे वीसची आहे.' बॅगेच्या आत शिवलेली चिठ्ठी शोधा. युरोपीय प्रमाणाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर तीन आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे सरासरी बाई सैल पडून आरामात झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे सरासरी पुरुष अंग आखडून रात्र काढेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास जीव जाणार नाही एवढंच. तिथे झोपेचा प्रश्नच येत नाही आणि बोटं गोठण्याचा धोका असतो. दुकानात सांगितला जातो तो बहुतेक वेळा हा तिसरा आकडा. उणे वीसच्या आसपास एक्स्ट्रीम असलेल्या बॅगेचा कम्फर्ट शून्याच्या जवळ निघणं अगदी नेहमीचं आहे.

बेस कॅम्पला कम्फर्ट उणे ५ ते उणे १० असलेली बॅग हवी. खोलीत बाहेरच्यापेक्षा थोडं ऊबदार असतं आणि वरून लॉजचं ब्लँकेट मिळतं, त्यामुळे याहून जड बॅग नको. बायकांनी आणि पटकन थंडी वाजणाऱ्यांनी फक्त कम्फर्टचा आकडा बघावा. चिठ्ठी फाटलेली किंवा पुसलेली असेल तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, दुसरी बॅग मागा. शिवाय हे आकडे नव्या कोऱ्या बॅगेचे असतात आणि तपासणीत खाली मॅट, अंगात थर्मल धरलेलं असतं. चार-पाच हंगाम खाल्लेल्या बॅगेतून त्यातले काही अंश गेलेले असतात. किती गेले ते डोळ्यांनी आणि हातांनीच कळतं.

बॅग पिशवीतून काढायला लावा, झटका आणि टेबलावर अर्धा तास पसरून ठेवा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. जिवंत डाऊन हळूहळू फुगत जातं. मेलेलं तसंच चपटं पडून राहतं. मग एकेक कप्पा चिमटीत धरून पुढे सरका. गोळे लागले तर बॅग चुकीची धुतली आहे किंवा ओली राहिली आहे. उजेडासमोर धरल्यावर कप्प्यात पारदर्शक पट्टा दिसला तर तिथून रात्रभर थंडी आत येणार. हे पट्टे बहुधा छातीवर आणि पावलांपाशी असतात, म्हणजे नेमके जिथे नको तिथे. चेन वरपासून खालपर्यंत दोनदा ओढून पाहा, आतून आणि बाहेरून. चेनच्या मागे भरलेली जाड पट्टी असते, ती चेनमध्ये अडकत असेल तर रात्री दोन वाजता बाथरूमला जाताना ती फाडाल आणि डिपॉझिट जाईल. शेवटी नाक आत घालून वास घ्या.

वासाचा मुद्दा मुंबईत जास्त महत्त्वाचा. डाऊनचा शत्रू दमट हवा, आणि ही बॅग जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुठल्यातरी पोटमाळ्यावर, तीही बहुधा घट्ट आवळलेल्या पिशवीत, पडून असते. दाबून ठेवलेल्या पिसांची फुगायची ताकद जाते. दमट हवेत ती एकमेकांना चिकटतात आणि बुरशी धरतात. साध्या कपड्यांच्या पावडरने धुतलं तर पिसांवरचं नैसर्गिक तेल निघून जातं आणि पुढच्या वेळी ती आणखी लवकर भिजतात. नीट धुवायची तर डाऊनसाठीचा सौम्य साबण, मोठं मशीन, मग ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिस बॉल टाकून, आतला शेवटचा गोळा सुटेपर्यंत वाळवणं. याला काही तास लागतात. जुलैत दोरीवर वाळत घातलेली डाऊन बॅग वरून कोरडी लागते आणि आतून कुजते. म्हणून दुकानात एक प्रश्न आवर्जून विचारा: पावसाळ्यात बॅगा कशा ठेवता? मोठ्या जाळीच्या पिशवीत, सुट्या लटकवून, असं उत्तर आलं तर दुकान कामाचं आहे.

ऑक्टोबरात मिळणारं किट पावसाळा खाऊन आलेलं असतं. एप्रिलचं किट दमटपणाच्या बाबतीत बरं, पण ते दिवाळीला नेपाळ आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडचे बर्फातले ट्रेक करून आलेलं असतं. त्यात घाम, तेलकट गळा आणि चहाचे डाग बघायचे.

भाड्याच्या बॅगेत आपलं लायनर, म्हणजे आत घालायची पातळ कापडी पिशवी, हवंच. विकतचं नको असेल तर जुन्या मऊ सुती साडीचं घरी शिवता येतं: ४.२ मीटर कापड मधोमध दुमडून २.१ मीटर लांबी, रुंदी ८५ सेंटीमीटर ठेवून एक बाजू पूर्ण शिवायची, दुसरी खांद्यापर्यंत. सुती लायनरने ऊब फारशी वाढत नाही, स्वच्छता राहते. उबेसाठी फ्लीसचं घ्यावं लागेल आणि ते जड पडतं.

उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर लांब बॅग घेऊ नका. पायाशी उरलेली पोकळी अंगाच्याच उबेने तापवावी लागते. तशीच बॅग मिळाली तर दुसऱ्या दिवशीचे कपडे पायाशी कोंबा, सकाळी ते गरमही मिळतात. पाण्याची बाटली, फिल्टर, पॉवरबँक आणि मोबाइलही आतच घेऊन झोपायचं. पोकळ तंतूंचा वॉटर फिल्टर एकदा गोठला की आतले तंतू फुटतात. वरून काही दिसत नाही आणि तुम्ही न गाळलेलं पाणी पीत राहता. १९५३ च्या मे महिन्यात शिखराच्या आदल्या रात्री हिलरींचे बूट बाहेर राहून गोठले आणि स्टोव्हवर मऊ करण्यात दोनेक तास गेले, तेव्हा बाकीच्यांनी हा धडा फुकटात घ्यायला हरकत नाही.

जॅकेट

इथे फसवणूक म्हणावी इतका घोळ आहे: फुगीर दिसणारं प्रत्येक जॅकेट 'डाऊन' म्हणून दिलं जातं. एक कप्पा चिमटीत चोळून पाहा. पिसांचे बारीक देठ बोटांना लागले तर डाऊन. एकसारखा कापसासारखा थर लागला तर पॉलिएस्टर. चिठ्ठीवर ९०/१० किंवा ८०/२० असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा मऊ डाऊनचा, दुसरा देठाच्या पिसांचा. फिल पॉवर, म्हणजे डाऊन किती फुगतं त्याचं माप, ५५० ते ६५० पुरे. ८०० चं जॅकेट भाड्याने कोणी देणार नाही, आणि दिलंच तर आधीच्या माणसाने ते कसं वापरलं याची शंका घ्या.

आता एक मत, जे बऱ्याच जणांना पटत नाही. मुंबईच्या दुकानातून जॅकेट घ्यायचं असेल तर मेलेल्या डाऊनपेक्षा चांगलं पॉलिएस्टरचं बरं. ते दोन-तीनशे ग्रॅम जड असतं, पिशवीत जागा जास्त खातं, पण दमट हवेने त्याचं फारसं बिघडत नाही, धुतल्यावर दोरीवर वाळतं आणि घामाने भिजलं तरी काही ऊब धरून ठेवतं. डाऊनचा हट्ट स्लीपिंग बॅगेसाठी राखून ठेवा, तिथे वजनातला फरक खरोखर जाणवतो.

टोपी जोडलेली हवी. आत फ्लीस आणि थर्मल घालून दुकानातच चढवून पाहा, हात वर करा. कंबर उघडी पडली तर एक माप मोठं. लॉजच्या जेवणाच्या खोलीत मधोमध लोखंडी शेगडी असते, वरच्या गावांत तिच्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात, आणि सगळे तिला बिलगून बसतात. तापलेल्या पत्र्याला बाही टेकली की नायलॉन क्षणात वितळतं आणि पिसं खोलीभर उडतात. परत आलेल्या जॅकेटांवर कोपराजवळ दिसणारी चिकटपट्टीची ठिगळं बहुतेक याचीच. ठिगळ नीट बसवलेलं असेल तर जॅकेट नाकारायचं कारण नाही.

बूट आणि रेन जॅकेट: का नको

ट्रेकिंग बुटांच्या तळव्यातला मधला थर अनेकदा पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेतलं पाणी त्या पदार्थाच्या साखळ्या तोडत जातं. बूट न वापरता कपाटात ठेवला तरी काही वर्षांत तो थर बिस्किटासारखा भुगा होतो आणि तळवा सपकन सुटतो. मुंबईची हवा याला अगदी पोषक. भाड्याचा बूट किती वर्षांचा आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं, आणि तळवा सुटतो तो दुकानात नाही, तर वाटेवरच्या नामचे गावाच्या चढावर. घरी माळ्यावर पडलेल्या जुन्या बुटांनाही हाच नियम लागू: अंगठ्याने मधला थर दाबा, चिरा किंवा चिकटपणा दिसला तर टाकून द्या. शिवाय दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट तुमच्या टाचेला फोड आणणारच. नवे घ्या, घोट्यापर्यंतचे, जाड मोज्यांवर बोटाभर जागा ठेवून, आणि निघण्याआधी कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगडासारखे दोन-तीन मोठे ट्रेक त्याच बुटांत, त्याच मोज्यांत करा.

रेन जॅकेटचं दुखणंही त्याच जातीचं. आतला लेप बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचाच. शिवणीवरची पट्टी सुटलेली, आतून पांढरे पापुद्रे, हाताला चिकट लागणारा कप्पा, आंबूस वास, यातलं एक जरी दिसलं तरी ते जॅकेट पाणी अडवणार नाही. सह्याद्रीच्या पावसात भिजलात तर घरी येऊन आल्याचा चहा घेता येतो. चार हजार मीटरवर भिजलात तर ती रात्र वाईट जाते. आपलंच घ्या, भाड्यात वाचतात ते पैसे इथे घाला.

उरलेलं, झटपट

पोल: फिरवून घट्ट करायचे नकोत, बाहेर खटका असलेले घ्या. फिरवायच्या पोलांत आतला प्लॅस्टिकचा तुकडा झिजतो किंवा धूळ बसते आणि उतारावर भार टाकताच पोल आत सरकतो. दुकानात पूर्ण अंगाचा भार टाकून तपासा. हाताचा कोपर काटकोनात येईल इतकी लांबी, उतारावर पाच-दहा सेंटीमीटर जास्त.

डफल ८० ते ९० लिटरची, दोन्ही टोकांना धरायला पट्टे, चेनला कुलूप घालता येईल अशी. पूर्ण जलरोधक कोणतीच नसते, आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला.

हातमोजे भाड्याने घेऊ नका, आतले पातळ आणि बाहेरचे जाड असे दोन जोड विकत घ्या. हेडलॅम्प चालेल, सेल मात्र आपले आणि लिथियमचे, कारण साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात. गेटर ताजा बर्फ पडला तरच लागतात. क्रॅम्पॉनला कडक तळव्याचे बूट लागतात, ते बेस कॅम्पच्या वाटेवर कोणी घालत नाही; ६१८९ मीटरचं आयलंड पीक जोडून करणार असाल तरच हा विषय, आणि तेव्हाही ते सामान काठमांडूत गाइडसमोर निवडावं. चो ला किंवा कोंगमा ला खिंड करणाऱ्यांनी मायक्रोस्पाइक (रबराने बुटावर चढवायचे छोटे दाते) घ्यावेत, रबर ताणून भेगा बघाव्यात.

वजन, दिवस आणि थामेल

लुकलाच्या, म्हणजे जिथून पायी वाट सुरू होते त्या गावाच्या, विमानात माणशी १५ किलो चालतात: १० सामानात, ५ हातात. भाड्याची बॅग दीड किलो, जॅकेट ७०० ग्रॅम, डफल १.१ किलो, पोल अर्धा किलो धरले तर ३.८ किलो इथेच गेले. कपडे, औषधं, खाऊ यांना उरतात ११.२. स्लीपिंग बॅग सव्वादोन किलोची निघाली तर चकल्या घरीच राहतील. म्हणून दुकानात जाताना सामान तोलायचा हातकाटा घेऊन जा आणि प्रत्येक नग तोला. पोल हातातल्या सामानात चालत नाहीत. पॉवरबँक उलट हातातच ठेवावी लागते.

भाडं हंगामाप्रमाणे वरखाली होतं, पण जॅकेट आणि बॅग यांना दिवसाला साधारण शंभर ते दोनशे रुपये प्रत्येकी धरा. काठमांडूच्या थामेल या पर्यटकांच्या बाजारभागात भाव त्याच आसपास किंवा कमी पडतात. एक भारतीय रुपया म्हणजे १.६ नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. थामेलची निवड मोठी, हवा कोरडी, आणि मुंबईहून ओझं न्यायला नको. अडचण वेळेची. गर्दीच्या हंगामात लुकलाची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. तिथे पोचायला गाडीने चार-पाच तास, म्हणजे काठमांडूतून मध्यरात्री एक-दोन वाजता निघायचं. मुंबईचं विमान संध्याकाळी उतरणार आणि त्याच रात्री गाडी, असं वेळापत्रक असेल तर थामेलमध्ये बॅग अर्धा तास पसरून बघायला वेळच नसतो. मिळेल ते उचललं जातं. काठमांडूत पूर्ण एक दिवस हातात असेल तर बॅग आणि जॅकेट तिथून घ्या. नसेल तर मुंबईतून.

भाड्याचे दिवस मोजताना लुकलाची धावपट्टी लक्षात ठेवा: ५२७ मीटर लांब, चढती, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. ढग आले की विमानं थांबतात, कधी दोन-तीन दिवस. बहुतेक पावत्यांवर उशिराच्या प्रत्येक दिवसाचं भाडं लिहिलेलं असतं, काही ठिकाणी दीडपट. विमान रद्द झाल्यामुळे झालेला उशीर कसा धरणार, हे आधी विचारा आणि पावतीवरच लिहून घ्या. समजूतदार दुकानं दोन दिवस सोडतात. सोळा दिवसांचं भाडं नव्या वस्तूच्या निम्म्या किमतीला पोचत असेल तर सरळ विकत घ्या.

माल ताब्यात घेताना दुकानदारासमोर प्रत्येक नगाचे फोटो काढा: चेन, कोपर, गळा, ठिगळं, पोलची टोकं. डिपॉझिटसाठी आधार कार्डाची झेरॉक्स द्या, मूळ पासपोर्ट कधीच ठेवू नका. नेपाळला जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं आणि १५ ते ६५ वयाच्या माणसाचं आधार तिथे चालत नाही. परत आल्यावर बॅग आणि जॅकेट पिशवीतून काढून एक दिवस पंख्याखाली पसरा, मग सैल घडी करून परत करा. धुवायच्या भानगडीत पडू नका. धुण्याचे पैसे भाड्यात धरले आहेत की डिपॉझिटमधून कापणार, हे पावतीवर आधीच लिहून घेतलेलं बरं.